दिनकररावांचं ऑईल

“…ते सगळं खरं, बुवा. पण दाट की पातळ?”

दिनकररावांनी पिशवीतून दोन कॅन काढले आणि बुवांच्या पायाशी ठेवले. एक उजवीकडे, एक डावीकडे. देवापुढे नारळ ठेवावेत तसे, हळूच.

सकाळची वेळ होती. मठाच्या ओसरीवर नुकतंच ऊन आलं होतं. आबाजीबुवा घोंगडं पांघरून बसले होते आणि मी चहा गाळत होतो.

मठातला चहा माझ्याकडे असतो, त्यामुळे गावातला प्रत्येक प्रश्न माझ्या कानावरून जातो. मोक्ष कसा मिळेल, पोरीचं कधी जमेल, शेजाऱ्यानं बांध कोरला त्याचं काय करू… सगळं ऐकून झालं आहे. इंजिन ऑईल पहिल्यांदाच आलं.

दिनकरराव चाळके पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. माणूस हुशार, आणि हे त्यांना ठाऊक आहे. दोष म्हणायचा तर एवढाच. एरवी भला गृहस्थ.

त्यांच्या मागे खांबाला टेकून इंदूताई बसल्या होत्या. त्यांच्या पत्नी. त्यांनी चहाला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मी कप समोर ठेवला.

“अडचण काय हाय?” बुवांनी विचारलं.

मग दिनकररावांनी जे सुरू केलं त्यालाच नमनाला घडाभर तेल म्हणतात, आणि इथं तर खरोखरच तेल होतं.

आमचं गाव घाटमाथ्यावर. या दिवसांत पहाटे थंडीनं बोटं वळत नाहीत. घाट उतरला की कोकण, तिथं दुपारी अंगाची लाही होते. गाडीला एकाच दिवसात दोन्ही सोसायचं. दाट ऑईल घातलं तर पहाटे ते गारठून बसतं, थंडीतल्या काकवीसारखं. इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लावतं आणि तोवर लोखंडावर लोखंड कोरडं घासतं. पातळ घातलं तर सकाळी झटकन पोचतं, पण दुपारच्या तापात आणखी पातळ होतं आणि मग दोन लोखंडांच्या मध्ये उभं राहायला त्याला जोर उरत नाही.

हे सगळं त्यांनी इतकं चांगलं समजावलं की माझा दुसरा चहा उतू गेला.

पुढं मतं आली. गॅरेजवाला म्हणतो, जुनी गाडी आहे, दाटच घाला, आवाज बसेल. पुण्याचा भाचा म्हणतो, मामा, दाट कसलं घालता, आता सगळे पातळच वापरतात. इंटरनेटवर एक सरदारजी एक सांगतो, दुसरा एक पोरगा बरोबर उलटं सांगतो, आणि दोघांचंही पटतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दोन्ही ऑईलचे नंबर दिले आहेत.

“पातळ घातलं तर इंजिन बसंल?” बुवा म्हणाले.

“नाही. बसणार नाही.”

“आन दाट घातलं तर?”

“तेही नाही. दोन्ही चालतात. पुस्तकातच आहे ना.”

“मग?”

“चालतं, ते ठीक आहे हो बुवा. पण उत्तम कोणतं, हे कळायला नको?”

बुवांनी मान डोलावली. खरंच, कळायला हवं, अशा चेहऱ्यानं. चहाचा घोट घेतला.

“आत्ता आत कुठलं हाय?”

“आत… आत्ता काही नाही,” दिनकरराव म्हणाले.

“म्हंजे?”

“जुनं काळं झालं होतं. ते काढून टाकलंय.”

“कवा?”

“दिवाळीच्या आधी.”

संक्रांत होऊन गेली होती. तिळगूळही संपला होता.

बुवांनी कप खाली ठेवला. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग घोंगडं खाली घसरलं. बुवा हसायला लागले की आवरत नाहीत, डोळ्यांतून पाणी येतं. मीही हसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्याची गाडीही रिकामी असते, हे त्या दिवशी कळलं.

दिनकररावही थोडे हसले. मोठेपणाच म्हणायचा.

इंदूताई मात्र हसल्या नाहीत.

दिनकरराव घाईनं म्हणाले, “तसा मी या गोष्टी मानत नाही, पण हिच्या माहेरी कौल लावतात. तुम्ही देवाला कौल लावा. उजवा दिला तर हा, डावा दिला तर तो. एकदा काय ते ठरून जाऊ दे.”

“आमच्या देवाकडं गाडी न्हाई,” बुवा म्हणाले. “त्याला कशाला कोड्यात घालायचं?”

“मग तुम्ही सांगा.”

“मला तर सायकलबी येत न्हाई.”

“मग आम्ही कुणाला विचारायचं?” दिनकररावांचा आवाज चढला. चढला, आणि लगेच उतरला. माणूस खरोखर थकला होता. इतके दिवस मनात दोन कॅन घेऊन हिंडायचं, म्हणजे थकणारच.

बुवा वळले.

“ताई, जायचं कुठं हाय?”

मग इंदूताईंनी सांगितलं. फार हळू बोलतात त्या. त्यांची थोरली बहीण, अक्का, घाटाखाली कोकणात असते. आई लवकर गेली, इंदूताईंना अक्कानंच वाढवलं. आता अक्काची नजर जात चालली आहे. डॉक्टर म्हणाले, समोरचं आधी जाईल, कडेचं राहील. दिवाळीच्या आधी अक्कानं निरोप धाडला होता. तोंड दिसतंय तोवर येऊन जा.

म्हणून तर दिनकररावांनी गाडी तपासायला घेतली. घाटात काही व्हायला नको म्हणून ऑईल बदलायला काढलं. हेतू सोन्यासारखा होता, हे मी कुणापुढंही सांगेन.

एसटीनं जाता आलं असतं. पण घाटाच्या वळणांवर इंदूताईंना बस लागते, आणि दिनकरराव म्हणाले, घरची गाडी असताना बसमध्ये ओकत कशाला जायचं? उद्या निघू. परवा निघू. ऑईलचं एवढं ठरलं की निघूच. इंदूताईंनी अक्कासाठी कंदी पेढे आणले. ते खराब व्हायला आले म्हणून घरीच खाल्ले. पुन्हा आणले. तेही घरीच खाल्ले.

“आता मला पेढा नकोसा झालाय,” त्या म्हणाल्या.

दिनकररावांनी खाली पाहिलं.

बुवांनी दोन्ही कॅनकडे बोट केलं.

“ताई, यातलं तुम्हाला कुठलं पायजे?”

इंदूताईंनी कॅनकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मला अक्काकडं जायचंय.”

“बघायचंय तिला,” बुवा म्हणाले.

“नाही बुवा. तिनं मला बघायला हवंय. मी काय, मी तिला पुढच्या वर्षीही बघेन.”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. मला माझी बहीण आठवली.

दिनकरराव बायकोकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्यांनी तिच्याकडे पाहिलं असेल, नाही असं नाही. पण मध्ये ऑईल होतं.

बुवा उठले. घोंगडं सावरलं, वाकून एक कॅन उचलला, घोंगड्याखाली घेतला आणि पायऱ्या उतरून चालू लागले. ना चप्पल, ना काठी.

“बुवा, कोणता घेतलात?” दिनकरराव मागून धावले.

बुवा चालत होते.

“बुवा, दाट की पातळ, एवढं तरी…”

बुवांनी वाटेत भेटलेल्या म्हशीवाल्याला रामराम घातला. शाळेत जाणाऱ्या पोरींना वाट दिली. दिनकरराव कधी डावीकडून, कधी उजवीकडून घोंगड्यात डोकावायला बघत होते. मी हसू दाबत मागून चाललो होतो आणि इंदूताई सगळ्यांच्या पुढं. त्यांचा गुडघा दुखतो असं ऐकून होतो. त्या दिवशी तो कुठं गेला होता कुणास ठाऊक.

गाडी अंगणात उभी होती. तिच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर वाळत घातलेल्या मिरच्या. इंदूताईंनी मिरच्या गोळा केल्या, ताडपत्री ओढून काढली, घरात गेल्या आणि दारामागं भरून ठेवलेली पिशवी घेऊन बाहेर आल्या. गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत जाऊन बसल्या.

“अगं, अजून ऑईल…”

“घाला की,” त्या आतून म्हणाल्या.

दिनकररावांनी मुकाट्यानं बॉनेट वर केलं. नरसाळं आणलं. बुवांनी घोंगड्यातून कॅन काढला.

पातळ.

दिनकररावांच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकली. गॅरेजवाला आठवला असणार. तोंड उघडलं, काचेतून बायको दिसली, तोंड मिटलं. बुवा ओतत राहिले. मधाच्या रंगाची बारीक धार खाली उतरत होती आणि उन्हात फार सुंदर दिसत होती. ऑईल इतकं सुंदर दिसतं हे मला माहीत नव्हतं.

ओतून झालं. दिनकररावांनी पट्टी आत घालून पातळी बघितली, पुसली, पुन्हा घालून बघितली. तिसऱ्यांदा घालणार होते, पण इंदूताईंनी हॉर्न दाबला. तो वाजला नाही. नुसता घोगरा आवाज आला.

बॅटरी उतरली होती.

“आता झालं,” दिनकरराव म्हणाले. “आता बॅटरी कोणती घ्यायची ते…”

“न्युट्रलला टाका,” बुवा म्हणाले आणि त्यांनी गाडीला मागून पाठ लावली. सायकल न येणाऱ्या माणसाला न्युट्रल कुठून माहीत, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

दिनकरराव स्टीअरिंगवर जाऊन बसले, मी मागं लागलो. शेजारचा दुधवाला किटली ठेवून आला. त्याची बायको आली. गल्लीला उतार आहे, देवाची कृपा. गाडी आधी कुरकुरली, मग हलली, मग पळायला लागली. इंदूताई आत ताठ बसून होत्या. खाली उतरून वजन कमी करायला त्यांना कुणी सांगितलं नाही, सांगायची हिंमतही नव्हती.

उताराच्या शेवटी दिनकररावांनी गिअर टाकला, एक गचका बसला, काळा धूर आला आणि इंजिन सुरू झालं.

दुधवाल्यानं टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी दुधवाल्याच्या पाठीत धपाटा घातला.

दिनकररावांनी काच खाली केली. कान इंजिनाकडे होता.

“आवाज जरा…” ते म्हणाले.

इंदूताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

गाडी निघाली. वळणावर दिसेनाशी झाली. बुवा रस्त्याच्या मधोमध उभे राहून खूप वेळ हात हलवत होते, लहान मुलासारखे.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, माझा फोन वाजला. दिनकरराव होते. मागं इतका कालवा होता की त्यांचं नाव मला दोनदा विचारावं लागलं.

“बुवांना द्या,” ते म्हणाले.

बुवांना फोन कानाला नीट लावता येत नाही. मी मोठ्यानं ऐकू येईल असा करून समोर धरला.

दुपारीच पोचले होते. अक्का अंगणात वाट बघत होती. गाडीच्या आवाजानं उठून उभी राहिली. तिनं इंदूताईंना उजेडात उभं केलं आणि मान एकदम तिरकी केली, कोंबडी बघते तशी. समोरून बघितलं तर तिला मधोमध नुसता डाग दिसतो. तिरकं बघितलं की माणूस दिसतं. तशी तिरकी बघत राहिली. कपाळ, मग नाक, मग हनुवटी.

“आणि मग म्हणाली,” दिनकरराव म्हणाले. मागून दोन म्हाताऱ्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं, रडण्यात मिसळलेलं.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, किती गो पांढरी झालीस. माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस.”

बुवांनी घोंगड्याच्या टोकानं डोळे पुसले. मीही पुसले, लपवायचं काय त्यात?

तेवढ्यात दिनकररावांनी घसा खाकरला. मी ओळखलं.

“बुवा, एक विचारायचं होतं. घाटभर मी विचार करत होतो. सकाळी गाडी गार होती, कित्येक दिवस बंद. अशा वेळी झटकन वर पोचेल असंच ऑईल हवं होतं. दाट असतं तर सुरुवातीलाच घात झाला असता. तुम्ही एका नजरेत पातळ निवडलंत. मला वर्षानुवर्षं इंजिनं हाताळून जमलं नाही ते तुम्ही… कशावरून ठरवलंत, बुवा? मला शिकायचंय. खरंच शिकायचंय.”

बुवा फोनकडे वाकले.

“डावा खांदा धरलाय माझा, दिनकरराव,” ते म्हणाले. “उजव्या बाजूचा उचलला.”