सात जणांची शीव

एका राज्यात माणसं राजाला भीत नसत, शिवेला भीत. राज्याचं नाव विचारू नका, ते इतकं लांबलचक होतं की खुद्द राजालाही दमानं घ्यावं लागे. तिथं बारा तर्फा होत्या. तर्फ म्हणजे पंधरा-वीस गावांचा जुडगा. दर तीन वर्षांनी पुकाऱ्याचा दिवस उजाडे. तर्फेतली सारी शहाणीसुरती माणसं माळावर जमत, एकेक जण पुढं येई आणि मनातलं नाव मोठ्यानं पुकारी. ज्याच्या नावाचे पुकारे जास्त, तो मुखी होऊन राजाच्या सभेत बसे. राजा सोमकेतू या बारा मुखींना विचारल्यावाचून धरणाचं दारही उघडत नसे. आहे की नाही शहाण्यांचं राज्य!

पण शहाण्यांच्या घरीही एखादी खोड असतेच. तर्फेच्या शिवा आखायच्या कुणी? मुखींनी. म्हणजे ज्यांना लोकांनी निवडायचं, तेच ठरवणार की आपल्याला कोणत्या लोकांनी निवडायचं! हसू नका, पुष्कळ वर्षं यात कुणालाच वावगं वाटलं नव्हतं. शीव आखायला एक काळी दोरी होती. एका मांत्रिकानं ती सात ग्रहणांत वळली होती. जमिनीवर टाकली की ती आपली आपण लांबे, ओढे ओलांडी, भिंतीतून आरपार जाई, आणि जिथं पडे तिथं शीव होई.

मुखींचा मुखी होता प्रधान त्र्यंबकराज. नऊ वेळा निवडून आलेला. जे गाव त्याचं नाव पुकारीत नसे, ते गाव तो दोरीनं चिरी. एक तुकडा या तर्फेत, एक त्या. चिमूटभर माणसांचा पुकारा परक्या गर्दीत कुठं ऐकू येणार? त्याची स्वतःची तर्फ वरून पाहिली तर घोरपडीसारखी दिसे, शेपूट नदीपार आणि पंजे चार गावांच्या उरावर.

मांत्रिकानं मात्र दोरीच्या पिळात एक शाप घालून ठेवला होता. ज्या गावाला दोरी तोडील, त्या गावाचा आवाज शिवेत अडकून राहील.

वांजुळखेड नावाचं एक गाव सात वर्षांपूर्वी असंच तोडलं गेलं. पाणवठा एका तर्फेत, देऊळ दुसऱ्या, मसणवटा तिसऱ्या. शीव पडली त्याच दिवशी गावकऱ्यांनी तोंडं उघडली, तर आवाजच नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या पुकाऱ्यालाही नाही. कुत्री भुंकत, गाई हंबरत, माणसं मुकी.

त्या गावात आवडाई म्हणून एक बाई होती. काय तिचं तोंड! तिच्या वाटेला जायला गावचा पाटीलसुद्धा कचरायचा. आता ती चुलीपुढं नुसती बसून असे. तिची लेक राही पाटकरीण होती, म्हणजे धरणाचं पाणी पाटानं शेताशेताला पोचवणारी. शीव पडली तेव्हा ती वर धरणावर होती, आणि धरण कुठल्याच तर्फेत नव्हतं. म्हणून तिचा आवाज तेवढा वाचला. घरात बोलणारी ती एकटी. लहानपणी आईच्या बोलण्याचा तिला कोण कंटाळा यायचा! आता ती देवाला म्हणे, एकदा तरी आईला मला फाडफाड बोलू दे, बाकी काही नको.

एके सकाळी राही पाटाचं पाणी वळवीत होती. काळ्या शिवेवर एक टिटवी बसली होती. शिवेवर घरटं करणारी टिटवी त्या राज्यात बोलत असे, त्याचं कुणाला नवल नव्हतं.

टिटवी म्हणाली, "चार अंडी घातली गं. दोन या तर्फेत, दोन त्या. पिल्लांनी पुकारायचं कुणाला?"

राही म्हणाली, "तुझी पिल्लं ओरडतील तरी. आमचं गाव बघ."

"तुमचं गाव ओरडतंच आहे. कान लाव इथं."

राहीनं गुडघे टेकले आणि शिवेला कान लावला. आणि काय सांगावं! जमिनीखाली सारं वांजुळखेड बोलत होतं. कुणी पाळणा म्हणत होतं, कुणी बैलाला हाकत होतं, कुणी शेजाऱ्याशी भांडत होतं. त्या कल्लोळात एक आवाज खणखणीत आला, "अगं भवाने, दूध उतू गेलं की! लक्ष कुठं आहे तुझं?"

राही तिथंच ढसाढसा रडली. पाणी पाटातून वाहून गेलं, तिला भान राहिलं नाही.

टिटवी म्हणाली, "रडून शीव पुसत नाही. दोरी नव्या हातांत गेली तर तीनदा टाकता येते. ज्या शिवेत कुणालाच नाहक तोडलं नसेल, ती पडली की शाप सुटेल. तिसऱ्यांदाही चुकलं, तर टाकणाराचा आवाज जाईल आणि अडकलेले आवाज कायमचे विझतील."

राही तडक सभेत गेली. "महाराज, दोरी द्या."

प्रधान म्हणाला, "दोरी मुखींची आहे, बाई."

राजा म्हणाला, "दोरी मुखींची असेल. जमीन कुणाची आहे?"

मग प्रधान हसला. "घेऊ द्या, महाराज. तीनदा टाकील आणि कायमची गप्प बसेल."

राहीनं विचार केला, ज्याला कुणाकडून काही नको, तोच शीव नीट टाकील. ती डोंगरावर गेली. दोरी वळणारा मांत्रिक तिथं शंभर वर्षं एका पायावर उभा होता. त्याच्या जटांत मधमाश्यांचं पोळं होतं.

"तुम्हाला कोण आपलं, कोण परकं?" राहीनं विचारलं.

"मला कुणीच कुणी नाही."

"मग टाका."

मांत्रिकानं दोरी टाकली. कडाड् असा आवाज झाला आणि जुन्या वेड्यावाकड्या शिवा सरळ होत गेल्या. पाहता पाहता राज्यावर बारा चौकोन उमटले, एकसारखे, गवंड्यानं ओळंबा लावून घ्यावेत तसे. लोक तोंडात बोट घालून पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी कळलं की एक रेघ आठवडी बाजाराच्या मधोमध गेली आहे. पलीकडं जायला ना पूल ना नाव, अशा नदीच्या दोन काठांची एक तर्फ झाली आहे. वांजुळखेड तर मुकं राहिलंच, आणखी तीन गावांची वाचा गेली.

मांत्रिक खाली मान घालून म्हणाला, "मला कुणाचंच काही नको होतं."

"म्हणूनच तुम्हाला कुणी दिसलं नाही, बाबा," राही म्हणाली. तिला त्याचा राग आला नाही, फार तर कीव आली.

मग ती मनाशी म्हणाली, दुसऱ्याच्या हातानं साप कशाला मारायचा? गावं मी ओळखते, ओढे मी ओळखते. दोरी तिनं स्वतः उचलली. शंभर ठिकाणी नीट वळवली. बाजार सांधला, नदीचे काठ सोडवले, वांजुळखेड अखंड केलं. मग आलं चांदसर, प्रधानाचं गाव. तिथं तिचा हात थांबला. यांनी आम्हाला तोडलं. एकदाच, फक्त एकदाच, यांना कळू दे तोडणं म्हणजे काय ते. आणि दोरी तिच्या हातातून अशी सुसाट सुटली की तळव्यांची सालं निघाली. चांदसरचे दोन तुकडे झाले.

सकाळी ती मुद्दाम तिथून गेली. विहिरीवर एक बाई होती. तिची दोन वर्षांची पोर दुडूदुडू सुटलेल्या बैलाकडं निघाली होती. आई तोंड उघडून हाक मारीत होती, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, आणि आवाज येत नव्हता. पोर मागं वळेना. राहीनं धावत जाऊन पोरीला उचललं. त्या बाईनं राहीच्या पायावर डोकं ठेवलं. आपला आवाज कुणी घेतला, हे तिला ठाऊकच नव्हतं.

राही धावत घरी आली, तर आवडाई चुलीपुढं तशीच, मुकी.

"आई, मी प्रधानासारखीच निघाले गं," राही म्हणाली. आवडाईनं नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता दोरी एकदाच टाकता येणार होती. राही धरणाच्या दाराशी जाऊन बसली. दोन्ही काठांचे दोघे पाटकरी दार उघडायला आले. एकट्यानं दार उघडायचं नाही, असा तिथला पूर्वापार रिवाज. दोन भांडणाऱ्या काठांचा एकेक माणूस हवा, आणि जो पाणी वाटील त्याच्या शेताला पाणी सगळ्यात शेवटी. सारा जन्म राही या रिवाजानं वागली होती. ती ताडकन उठली.

"मला आधी कसं सुचलं नाही?"

"आपलं दुखतं तेव्हा सुचत नाही," टिटवी म्हणाली.

राही पुन्हा सभेत उभी राहिली. "महाराज, शीव एकट्यादुकट्यानं आखायची नाही. सात जण द्या. दोन प्रधानांच्या बाजूचे, दोन त्यांच्या विरोधातले, तीन कुणाचेच नसलेले. त्यांत मुखी नको, मुखीचा सोयरा नको. त्यांनी भर दिवसा, लोकांच्या देखत शीव चालावी. दहा वर्षं त्यांचं नाव कुणी पुकारायचं नाही, आणि त्यांनी तोंडानं कुणाचंच नाव पुकारायचं नाही."

"आणि?"

"दोरी एकदा त्यांच्या हातात गेली की तिला मुखींनी शिवायचं नाही. महाराजांनीही नाही."

"मीसुद्धा नाही?"

"तुम्हीसुद्धा नाही."

आजवर कुणी राजाला तोंडावर असं म्हटलं नव्हतं. राजानं दोरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं. मलाही तिची भीतीच वाटायची." त्यानं लेखावर मुद्रा उमटवली आणि हात धुतले.

सात जण निघाले, विरोधातल्या दोघांत राही एक. शीव चालणाऱ्यानं डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचं, खोटं चाललं तर माती साक्ष देते, ही तिथली जुनी चाल. साती जणांनी अनवाणी पायांनी, डोक्यावर ढेकूळ घेऊन दोरी धरली. आणि अहो, माती खरंच साक्ष द्यायला लागली! प्रधानाच्या बाजूचा कृष्णाप्पा तेली भावाच्या वाडीपाशी शीव जरा ओढू गेला, तर मूठभर ढेकळानं त्याची मान वाकली, गुडघे टेकले. "चुकलो," तो म्हणाला, आणि ढेकूळ हलकं झालं.

लोक वाटेत येत, अडवत, सांगत. एक म्हातारी म्हणाली, "आमची नदी पावसाळ्यात चार महिने उतार देत नाही, आम्हाला पलीकडं कुठं ढकलता?" तिच्यासाठी सात जण तीन दिवस थांबले. साती जण हो म्हणेपर्यंत दोरी पुढं सरकत नसे.

तिसाव्या दिवशी वांजुळखेड आलं. राहीच्या मनात होतं, डोंगराकडची आपली सोयरी गावं बरोबर घ्यावीत, मग चांदसरशी संबंधच नको. एवढं मनात आलं मात्र, आणि ती कमरेपर्यंत जमिनीत रुतली. ढेकूळ धोंड्यासारखं झालं. बाकी सहा जण दोरी धरून उभे राहिले. राही घामाघूम झाली. शेवटी म्हणाली, "वांजुळखेड आणि चांदसर एका पाटाचं पाणी पितात. एकाच तर्फेत जाऊ द्या." जमिनीनं तिला वर सोडलं.

चाळिसाव्या दिवशी दोरीची दोन टोकं भेटली. साती जणांनी मिळून गाठ मारली. दोरीचा काळा रंग काजळीसारखा झडून गेला आणि ती पांढरीशुभ्र झाली. पण आवाज? आवाज कुणाचाच आला नाही. राहीनं स्वतःचा गळा चाचपला, हळूच "आई" म्हणून पाहिलं. तिचा आवाज होता. टिटवी म्हणाली, "अडकलेले आवाज पुकाऱ्यालाच सुटतात." म्हणजे बाकीचं पुकाऱ्याच्या दिवशी कळणार होतं.

तो दिवस आला. माळावर चांदसर एका अंगाला, वांजुळखेड दुसऱ्या. कुणी कुणाकडं बघेना. साती जण रिवाजाप्रमाणं बाजूला बसले. पहिला मान म्हाताऱ्यांचा. आवडाई काठी टेकीत पुढं आली.

आवडाईनं तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं.

"हैबती!"

माळ दणाणला. सात वर्षांत मुक्या वांजुळखेडच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. पाखरं उडाली, माणसं हमसाहमशी रडू लागली. राही धावत जाऊन आईच्या गळ्यात पडणार, तोच तिच्या डोक्यात उजेड पडला. हैबती? चांदसरचा हैबती? पाट फोडून पाणी पळवणारा, ज्याच्याशी भांडून भांडून आपला जन्म गेला तो?

"अगं आई, हैबती? तो मेला पाटफोड्या आहे!"

आवडाई गर्रकन वळली. "असेल! ओढ्यावर साकव त्यानं घातला, तुझ्या सोयऱ्यांनी नाही. आणि तू कोण गं मला शिकवणारी? शीव आखणारीनं दहा वर्षं कुणाचं नाव काढायचं नाही, हे तूच ना सभेत सांगून आलीस? सात वर्षं माझं तोंड बंद होतं, आता तू तुझं बंद ठेव. बैस तिकडं, भवाने!"

राही मुकाट्यानं जाऊन बसली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हसू काही आवरत नव्हतं. शेजारच्या कृष्णाप्पानं विचारलं, "काय झालं बाई?"

"माझी आई मला बोलली," राही म्हणाली.

मग माळावर जो पुकारा सुरू झाला तो दिवस मावळेतो थांबला नाही. त्र्यंबकराज घोरपडीची तर्फ गेल्यावर शेजारच्या तर्फेतून उभा राहिला आणि हरला. घरी परतताना त्याला वाटेत लोकांनी चार शब्द ऐकवले, ते त्याला ऐकावे लागले. हैबती मुखी झाला आणि पाटाच्या पाण्यावरून राहीशी पहिल्याच महिन्यात भांडला. दहा वर्षांनी नवे सात जण आले, मग आणखी सात, आणि दोरी पुन्हा काळी पडली नाही, असं त्या भागातल्या टिटव्या सांगतात.

पुकाऱ्याच्या त्या दिवशी आवडाई घरी जाईपर्यंत अखंड बोलत होती. दूध, सरपण, शेजारीण, राहीचं न जमलेलं लग्न, सात वर्षांचं सारं तुंबलेलं. दाराशी पोचल्यावर ती दम खायला थांबली, तेव्हा राही घाईनं म्हणाली, "थांबू नकोस गं आई. पुढं बोल."