तीनशे उंबरे

एका राज्यात सात वर्षे लढाई चालली आणि आठव्या वर्षी ती जिंकली गेली. राजा होता पृथुसेन. शत्रू होता काळ्या सरोवराकाठचा मांत्रिक कालदंष्ट्र. त्याचा कोट फोडून तीनशे सैनिक आत शिरले, मांत्रिक पडला, आणि त्याचा पाचूचा कलश सैनिकांनी राजाच्या पायाशी आणून ठेवला. नगरात तोरणे लागली, हत्तीवरून साखर वाटली गेली, आणि सैनिक आपापल्या घरी निघाले.

त्या तीनशेंचा नाईक होता सिदोजी. कोटाच्या भिंतीवर भाल्याचा घाव बसल्याने तो उजव्या पायाने लंगडत असे. आपल्या गावी पोहोचला तेव्हा गल्ली तीच होती, शेजाऱ्यांची घरेही तीच होती. मात्र जिथे त्याचे घर असायला हवे, तिथे त्याला मोकळे माळरान दिसले. त्या माळरानातून त्याची बायको तुळसा धावत आली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "आत या." त्याने पाऊल टाकले. तिच्या हातातून त्याचा हात निसटला आणि तो गावामागच्या ओढ्याकाठी जाऊन उभा राहिला. पुन्हा आला, पुन्हा पाऊल टाकले, पुन्हा ओढ्याकाठी निघाला. तुळसा दारात उभी राहून त्याला हाका मारत होती, पण उंबरठ्याच्या आत गेली की ती त्याला दिसत नसे.

तीनशे जणांची हीच गत झाली. कुणाला आईची हाक ऐकू येई, पण घर दिसत नसे. लोकांना वाटले, लढाईने यांचे चित्त फिरले. काहींना वाटले, यांना घर नकोच आहे. राजाच्या कानावर गोष्ट गेली, तेव्हा त्याने नगराबाहेर एक मोठी धर्मशाळा बांधली. तिथे दोन्ही वेळा ऊन जेवण मिळे. दरसाल विजयाच्या दिवशी राजा तिथे येई, प्रत्येकाच्या खांद्यावर शाल घाली आणि परत जाई. तुळसा आठवड्यातून एकदा चार कोस चालून येई, भाकरी बांधून आणी आणि नवऱ्याजवळ बसून जेवे. घरात काय चालले आहे ते ती सांगे. तो ऐकून घेई.

अशी दोन वर्षे गेली. धर्मशाळेच्या दारातल्या पिंपळावर एक म्हातारा धनेश पक्षी येऊन बसला. तो पूर्वी मांत्रिकाच्या बागेत राहत असे, म्हणून त्याला माणसांची भाषा येत होती. तो सिदोजीला म्हणाला, "मरताना कालदंष्ट्र बोलला, ते फक्त मी ऐकले. हा कलश जे जिंकून नेतील, त्यांना स्वतःचे घर दिसणार नाही. शाप त्याचा आहे, पण शापाची दोरी त्याच्या बहिणीच्या हातात आहे."

सिदोजीने कमरेला तलवार बांधली, तुळसेचा निरोप घेतला आणि निघाला. पाय दुखत होता, पण दोन वर्षांनी त्याला जायला एक वाट मिळाली होती.

सरोवराकाठी मांत्रिकाची बहीण धूम्रा बसली होती. कलश गेला तेव्हापासून सरोवराचे पाणी आटून तळाचा चिखल भेगाळला होता. तिच्या हातात काळी दोरी होती आणि दोरीला तीन गाठी होत्या.

"मला तुमची कीव येत नाही," धूम्रा म्हणाली. "मला पाणी हवे आहे, तुम्हाला घरे हवीत. या गाठी माझ्याने सुटत नाहीत. दोन गाठी कलश जिंकणाऱ्याने सोडवायच्या. तिसरी कुणी, ते नंतर सांगेन."

पहिली गाठ नगाऱ्यांच्या खिंडीत सुटणार होती. तलवार म्यानातून न काढता खिंडीतून पलीकडे जायचे होते. जो शस्त्र उपसी त्याचा तिथेच दगड होई, आणि असे दगड खिंडीत पुष्कळ उभे होते. सिदोजी आत शिरला आणि नगारे आपोआप वाजू लागले. धूर उठला. धुरातून भाले आले. त्याचा हात मुठीवर गेला, कारण सात वर्षे तो तसाच जात आला होता. धर्मशाळेत भांडे पडले तरी तो जाई. सिदोजी जागच्या जागी थांबला. समोर खरोखर काय आहे ते तो मोठ्याने बोलू लागला. "हा दगड आहे. ही करवंदीची जाळी आहे. हा वारा आहे. लढाई संपली." एक पाऊल टाकी, पुन्हा बोले, दुसरे टाकी. घामाने अंगरखा भिजला. ऊन कलले तेव्हा तो खिंडीबाहेर पडला, आणि तलवार म्यानातच होती. तिकडे धूम्राच्या हातातली एक गाठ सुटली.

दुसरी गाठ एका दगडी दरवाजापाशी सुटणार होती. दरवाजा म्हणाला, "ज्याचे नाव तू घेत नाहीस, त्याचे नाव घे."

सिदोजीने कोटापाशी पडलेल्या सोबत्यांची नावे घेतली. वीस घेतली, तीस घेतली. दरवाजा हलला नाही. शेवटी सिदोजी म्हणाला, "हैबती. तो माझा मित्र होता. डाव्या बुरुजाकडे त्याला मी पाठवले. बुरुज ढासळणार हे मला ठाऊक नव्हते. त्याच्या आईला भेटायला मी अजून गेलो नाही." एवढे बोलून तो रडला, लढाईपासून तो रडला नव्हता. दरवाजा उघडला आणि दुसरी गाठ सुटली.

तो सरोवराकाठी परतला तेव्हा धूम्रा म्हणाली, "तिसरी गाठ तुझी नाही. लढाईचा हुकूम ज्याने दिला, त्याने कलश स्वतःच्या डोक्यावर घेऊन, पायी, तुमच्याबरोबर इथवर यायचे."

सिदोजी राजसभेत गेला आणि सारे सांगितले. प्रधानाने विरोध केला. राजा ओझे वाहताना दिसला तर शेजारची राज्ये हसतील, असे त्याचे म्हणणे पडले. राजाही म्हणाला, "नाईक, तुम्हाला काय उणे ठेवले आहे? जेवण आहे, शाल आहे, मान आहे."

"आहे, महाराज," सिदोजी म्हणाला. "आपण एकदा माझ्या गल्लीत या. मग द्यायचा तो हुकूम द्या."

राजा प्रधानाला घेऊन गेला. गल्लीत त्याला एक नीटनेटके घर दिसले आणि दारात तुळसा दिसली. राजाच्या डोळ्यांदेखत सिदोजीने उंबरठ्यावर पाऊल ठेवले आणि तो नाहीसा झाला. काही वेळाने गल्लीच्या टोकाकडून, ओढ्याच्या चिखलाने भरलेल्या पायांनी, लंगडत परत आला.

राजाने विचारले, "तुला इथे काय दिसते?"

"माळरान, महाराज. मधोमध एक बोरीचे झुडूप आहे."

राजा तुळसेकडे वळला. "हा असे किती वेळा करतो?"

"धर्मशाळेत जाईपर्यंत रोज करीत होते," तुळसा म्हणाली. "महाराज, दोन वर्षांत हे विचारणारे आपण पहिलेच."

राजाने मुकुट काढून प्रधानाच्या हाती दिला आणि कलश आणवला.

बारा दिवसांची वाट होती. पुढे सिदोजी, मध्ये डोक्यावर कलश घेतलेला राजा, भोवती तीनशे सैनिक. तिसऱ्या दिवशी राजाची मान सुजली. एकाने ओझे घेऊ का विचारले, तेव्हा राजाच नको म्हणाला. चालता चालता तो एकेकाला जवळ बोलावी आणि विचारी. कुणी सांगे, मला झोप लागत नाही. कुणी सांगे, गावची माणसे मला लढाईच्या गोष्टी सांगायला लावतात आणि मध्येच उठून जातात. एकाने सांगितले की त्याला तलवारीखेरीज कुठलेच काम येत नाही आणि त्याची त्याला लाज वाटते. राजाने बारा दिवस हे ऐकले. मधेच उपदेश केला नाही, शाबासकीही दिली नाही.

सरोवराच्या तळाशी उतरून राजाने कलश ठेवला. भेगांतून पाणी वर आले, राजाच्या गुडघ्यांना लागले, कमरेला लागले. धूम्राची दोरी सरळ झाली. ती पाण्यात उतरली आणि मागे वळून न पाहता निघून गेली.

परतताना सिदोजीने वाट वाकडी केली. तो हैबतीच्या आईकडे गेला, तिच्यापाशी एक दिवस राहिला आणि जे घडले ते सगळे तिला सांगितले. मग आपल्या गावी आला.

गल्लीत घर उभे होते. दाराला नवी चौकट होती. तुळसेने बाजूला होऊन वाट दिली, आणि सिदोजी आत गेला आणि आतच राहिला.

पुढे राजाने फर्मान काढले. लढाईहून परतणाऱ्या प्रत्येकाला राजाचा माणूस त्याच्या दारापर्यंत सोडू लागला, आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारू लागला. ज्यांना काम हवे होते त्यांना ते शिकवणारे गुरू मिळाले. धर्मशाळेत आता वाटसरू उतरतात.

पण त्या पहिल्या दिवशी सिदोजी घराच्या मधोमध नुसता उभा होता. त्याला तहान लागली होती, आणि नऊ वर्षांत घरातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा बदलल्या होत्या.

"पाण्याचा माठ कुठे असतो?" त्याने विचारले.

"मागच्या खिडकीखाली," तुळसा म्हणाली. "चला, दाखवते."