सांडलेली राजकन्या

एका राज्यात सरळसेन नावाचा राजा होता. त्याला वाकडं म्हणून काही खपत नव्हतं. जिलबीसुद्धा काठीसारखी तळायची! कुत्र्यांची शेपटं नळीत घातली. शाळेत पोरानं वाकडी रेघ काढली की छडी. शेवटी नदीचं वळणही सरळ केलं. पण त्या वळणावर एक चेटकीण राहायची. तिचं घर गेलं की वाहून! ती निथळत दरबारात आली.

"वाकडी रेघ नको ना तुला? मग एकही नको," म्हणाली, आणि फुंकर मारली.

अगं बाई गं! भिंत कुठं संपते, दार कुठं लागतं, कळेना. प्रधानजी धाडकन आपटले. गाई आभाळात चरायला लागल्या. आणि पाच वर्षांची राजकन्या मोहना, तिची बोटं धुरासारखी पसरायला लागली. कडच उरली नाही ना पोरीला! मग वेणी पसरली. मग कान.

"बाबा, मी सांडतेय," ती म्हणाली.

राजा तिला ओंजळीत गोळा करायला लागला.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राजा, तीन रेघा काढ. उभी, आडवी, वाकडी. तिसरी पोरीभोवती. येत नसेल तर शाळेत जा. दिवेलागणीनंतर पोर मिळायची नाही."

राजानं मोहनेला चादरीत गुंडाळलं आणि बालशाळेत धावला.

"चपला बाहेर, महाराज," आवडाबाई म्हणाल्या. त्या तिथं शिकवायच्या. राजाच्या हातात त्यांनी खडू दिला. "मुलांनो, उभी रेघ कशी?"

"शिक्षा झाल्यावर उभं राहतो तशी!"

राजानं काढली. दारं जागेवर आली.

"आडवी?"

"आजोबा घोरतात तशी!"

तीही काढली. आभाळ वर गेलं, गाई खाली आल्या.

"वाकडी?"

छडीच्या भीतीनं सगळ्यांचे हात पाठीमागं.

राजानं मोहनेला जमिनीवर निजवलं, खडू टेकवला. रेघ सरळच निघाली. पुन्हा काढली. पुन्हा सरळ! इकडं मोहनेचं नाक विरलं.

राजानं कोपऱ्यातली छडी कडकन मोडली. "कुणीतरी शिकवा रे मला!"

भिंगरी नावाची शेंबडी पोर उठली. "घाबरायचं नाही, महाराज. मुंगी घरी जाते ना, तसं जायचं." तिनं राजाचं बोट धरलं.

रेघ निघाली. डुगडुगली, फुगली. राजा पुसायला गेला.

"पुसू नका!" भिंगरी किंचाळली. "कान आहे तो तिचा!"

राजानं पुसलं नाही, खडू पुढं नेला. रेघ फिरत फिरत सुरुवातीला येऊन चिकटली. मोहना टुणकन उठून बसली. अख्खी! फक्त एक कान सुपाएवढा.

राजामागं धावत आलेला दरबारी चितारी पुढं झाला. "नीट करू का, महाराज?"

"हात तर लाव!" राजा म्हणाला.

नदी पुन्हा वळली, चेटकिणीला घर मिळालं. कुत्र्यांच्या नळ्या काढल्या. शेपटं? वाकडीच होती, दुसरं काय!

त्यांच्या रेघेची टोकं जुळली, तशी तुमचीही जुळोत. आणि बघा बरं, तुमचे कान जागेवर आहेत ना?