पहिली गाठ

माणसांनी विणकाम शिकण्याच्याही आधीची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीत सुगरण पक्षी घरटी विणत. गाठ सुटली की घरटं थेट पाण्यात. त्यांच्यातला म्हातारा पिवळोबा सगळ्यांची घरटी बघून "बरंय" म्हणायचा. फक्त तुरा नावाच्या तरुण सुगरणीच्या घरट्याची पहिली गाठ तो ओढून सोडवायचा. तीनदा सोडवली.

"आजोबा, झिपऱ्याची गाठ तर माझ्याहून सैल आहे," तुरा रडवेला होऊन म्हणाला.

"आहेच. त्याला तेवढीच जमते."

 चौथ्यांदा तुऱ्याने गवताचं ओलं पातं आणलं आणि फांदीला दोन वेढे जास्त दिले. पिवळोबाने ते सगळं बळ लावून ओढलं. गाठ हलली नाही.

मग तो आपल्या घरट्याकडे उडाला आणि तिथून त्याने हाक मारली, "तुऱ्या, इकडे ये. माझी गाठ जरा ओढून बघ."