लंबकाची साक्ष

प्रा. गोडांबे प्रयोगशाळेत पाऊल टाकत, ते संशय सोबत घेऊनच. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना साऱ्या वर्गाचे उत्तर ९.८ आले, एकट्या रेवती वाघचौरेचे मात्र १०.५.

“आकडे मनाने रचलेस ना?” सरांनी लाल पेन उघडले. “नापास करतो तुला.”

“सर, रचायचेच असते, तर पुस्तकात छापलेले ९.८ नसते का रचले? मला संशय आहे तो या स्टॉपवॉचचा.”

“घड्याळाला दोष देतेस? आज सकाळीच मी याच घड्याळावर प्रयोग केला. मलाही ९.८च मिळाले!”

रेवतीने ते स्टॉपवॉच सरांच्या मनगटी घड्याळाशेजारी धरून चालू केले. मिनिटभरात ते दोन सेकंद मागे पडले; एवढ्या फरकाने ९.८चे बरोबर १०.५ होतात. साऱ्या वर्गाने आळीपाळीने हेच घड्याळ वापरले होते. सरांची संशयी नजर एकेका चेहऱ्यावरून फिरू लागली. माना खाली गेल्या.

“सर,” रेवती नम्रपणे म्हणाली, “मागे पडणाऱ्या घड्याळावर ९.८ कसे मिळवायचे, तेवढे एकदा आम्हांला करून दाखवाल?”

सरांनी लाल पेनाला टोपण लावले आणि निळ्या पेनाने तिला उत्तीर्ण केले.