ओंडक्यांना पाणी पाजणारी बिजूबाई

फार फार वर्षांमागची, म्हाताऱ्यांच्याही म्हाताऱ्यांनी ऐकलेली ही गोष्ट. नदीकाठच्या येनगोंदी गावात बिजूबाई नावाची बाई राहायची. तिचा नवरा नावाडी. पुरात नाव फुटली नि तो नावेबरोबर गेला. गावाला ती एकच नाव होती. नाव नाही म्हणजे पावसाळाभर मीठ नाही, वैदू नाही.

गावानं दूरच्या डोंगरातून सागाचे ओंडके ओढून आणले. त्या ओढाओढीत बैल मेले, माणसं खंगली. आणि नेमका नाव बांधणारा पोचम सुतार पाय मोडून बसला. तो उन्हाळा सरताना येणार. तोवर ओंडके उन्हात, उघड्यावर. तडकले तर नाव गळणार, आणि दुसरे आणायचं बळ कुणात उरलं नव्हतं.

बिजूबाईनं ओंडके दगडांवर ठेवायला लावले, म्हणजे वाळवी लागू नये. साल सोलू दिली नाही. कापलेल्या तोंडांना शेणमाती लिंपली आणि घडे भरभरून पाणी शिंपू लागली.

आधी बायका मदतीला आल्या. चैत्रात नदी आटली, तशी एकेक जण थांबली. बिजूबाई वाळूत झिरा खणायची, वाटीवाटीनं घडा भरायची. पाठ सरळ करायचंही त्राण राहिलं नाही.

दीर म्हणाला, "सोड ना आता, वैनी. मरशील."

"मधातच सोडलं तर लाकूड जास्त तडकते, भाऊजी," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

असं म्हणतात, एका दुपारी ती झिऱ्यापाशीच कोसळली. उठवेना. मान वळवून बघते तर ओंडक्यांच्या सालीतून पाणी पाझरत होतं, राबत्या माणसाला घाम फुटावा तसं. ती उठेपर्यंत ते थांबलं नाही, असं म्हणतात.

पोचम आला. करवत घातली, तर आत ओल्या झाडाचा वास.

"कालच तोडलं का वं, बाई?"

बिजूबाईनं हातातला रिकामा घडा पालथा घातला.

पहिल्या पुराला नाव पाण्यात उतरली. बिजूबाईला मानानं आधी बसवलं. नाव हलली नि तिचा डोळा लागला. पलीकडचा काठ आला, पण तिला उठवायचा कुणाला धीर होईना. नव्या नावाड्यानं नाव परत फिरवली, पुन्हा नेली. दिवस बुडेपर्यंत नाव जात-येत राहिली. तोवर बिजूबाई गाढ झोपून होती.

आजही येनगोंदीत ओंडके उतरले की पहिला घडा तिच्या नावानं ओततात. आणि ढिगाच्या सावलीत कुणी दमून झोपलं, तर मुकादमसुद्धा आवाज चढवत नाही. म्हणतो, "राहू द्या. बिजूबाईची झोप आहे."