गाळलेली ओळ

“माफी? आणि ती त्या पोपकडे मागायची?”

रुफिनोला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काही चुकलं. तळघर ते. वरच्या झरोक्यातून दुपारचं हातभर ऊन येई, तेवढाच उजेड. त्या उन्हात म्हातारा बेनिन्कासा पायातली साखळी मांडीशी ओढून बसला होता.

“त्याच्याकडेच,” म्हातारा म्हणाला. “चिठ्ठी लिहून ठेवलीय. नेशील?”

सातशे वर्षं होऊन गेली याला. इटलीतल्या डोंगरी मुलखातला हा बेनिन्कासा, भिक्षेवर जगणारा साधू. देवाची गाणी रचायचा. तीही पाद्र्यांच्या लॅटिनमध्ये नाही, कोष्ट्या-कुंभारांच्या बोलीत. एक गाणं त्यानं थेट पोपवर रचलं. मेंढपाळानं लोकर विकली, कातडं विकलं, आता मेंढीच्या गळ्यातली घंटा विकायला काढलीय, असं काहीबाही त्यात होतं.

मग काय व्हायचं ते झालं. बारा पाद्री गोल करून उभे राहिले, हातातल्या पेटत्या मेणबत्त्या जमिनीवर आपटून विझवल्या, आणि म्हातारा वाळीत पडला. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या पंगतीला बसायचं नाही. मेला तर प्रार्थना नाही, की देवळाची माती नाही. रस्त्याकडेला खड्डा.

आणि मरण काही लांब नव्हतं. खोकला आला की तोंडाशी धरलेल्या फडक्याला रक्त लागे.

रुफिनो त्याचा चेला. अक्षर मोत्यासारखं, लॅटिन तोंडपाठ, आणि या दोन्हींचा ताठा मानेत. म्हाताऱ्याला आत टाकल्यावर यानंच ते गाणं चाळीस वेळा उतरवून गावोगाव पोचवलं होतं. वाळीतल्या माणसाशी बोललो तर आपणही बाटू, हे ठाऊक असून आला होता. खरं तर शाबासकी घ्यायलाच आला होता.

“बाबा, चार गावच्या बाजारात तुमचं गाणं चाललंय,” तो म्हणाला. “लोक मुठी आवळून म्हणतात. तुम्हीच गुडघे टेकलेत तर त्यांनी कुणाकडे बघायचं?”

“कसं म्हणतात? म्हण बघू.”

रुफिनोनं म्हटलं. खणखणीत म्हटलं.

एकेक कडवं संपलं की म्हाताऱ्याचे ओठ हलायचे, जणू आता त्याची पाळी. तोवर रुफिनो पुढच्या कडव्यावर गेलेला असायचा.

“मधलं कुठं गेलं रे?”

रुफिनो गोरामोरा झाला.

प्रत्येक कडव्यानंतर सगळ्यांनी मिळून म्हणायची एक ओळ होती त्यात. पित्या, दार उघड. पोपला तिकडं पिताच म्हणतात.

“ती मी गाळली. इतके आसूड ओढल्यावर मधेच लेकरासारखं रडायचं... गाणं मऊ पडत होतं, बाबा. आता कशी धार आलीय.”

“आलीय खरी...”

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पहारेकरी ताद्देओ सूप घेऊन येत होता. कैद्याशी बोलायची त्याला सक्त मनाई. पण गायची मनाई कुणी केली नव्हती. म्हणून वर्षभर तो सगळं त्याच गाण्याच्या चालीवर सांगायचा.

“सूप कडकडीत आहे, जपून पी... आचारी आजही मीठ विसरलाय...”

आणि सवयीनं पुढची ओळही, किल्ली फिरवता फिरवता.

“पित्या, दार उघड...”

आतून म्हाताऱ्यानं सूर मिळवला. दोघांनी मिळून म्हटली ती ओळ. म्हटली आणि हसले.

रुफिनोला हसू आलं, पण ते ओठांवरच अडकलं. ज्याच्या कमरेला किल्ल्या, तोच दार उघड म्हणतोय. ज्याला कोंडलंय, तो त्याला साथ देतोय. यातला खुळा कोण, त्याला काही उमगेना.

ताद्देओनं वाडगं ठेवलं, रुफिनोकडे काणाडोळा केला, दोघांना आत ठेवून पुन्हा कुलूप घातलं, गुणगुणत वर गेला.

म्हाताऱ्यानं पेंढ्याखालून चिठ्ठी काढून चेल्याच्या हातात दिली.

रुफिनो तशीच धरून बसला. नेली, तर बाजार थुंकेल. न नेली, तर हा माणूस कुत्र्यासारखा खड्ड्यात जाईल...

शेवटी त्यानं ती उलगडली. पायांवर लोळण, चुकलो-माकलो, असलं काहीतरी वाचावं लागणार म्हणून जीव घट्ट केला.

आत एकच ओळ होती. त्यानं गाळलेली.

त्यानं कागद उलटून पाहिला. मागं कोरा.

“बाबा... ही माफी आहे की गाणं?”

म्हातारा सुपावर फुंकर घालत होता.

“पोपकडे नेऊ, की बाजारात नेऊ?”

म्हाताऱ्यानं एक घोट घेतला. मग लाकडी चमचा दाराकडे केला.

“आधी बघून ये, कडी कुठल्या बाजूनं लागलीय, आपल्या की त्याच्या...”